घाटात तापलेली फियाट

खोपोली मागे पडून बोरघाटाची चढण सुरू झाली, की फियाट चालवणाऱ्या माणसाचं घरच्यांशी बोलणं बंद व्हायचं. त्याचे कान इंजिनाकडे लागलेले असत. पुढे गुरगुरत चढणारा मालट्रक, त्याच्यामागे दुसऱ्या गिअरमध्ये सरकणारी आपली गाडी, आणि मग बॉनेटच्या फटीतून निघालेली वाफेची बारीक रेघ. ‘तापली,’ एवढंच म्हणून तो गाडी कडेला घ्यायचा. मागच्या सीटवर कोंबलेली मुलं दारं उघडून बाहेर सांडायची. पुढची वीस-पंचवीस मिनिटं कुणाच्याच हातात काही नसे. आज साठीच्या आसपास असलेल्या मराठी माणसाला लहानपणचा मोटारप्रवास आठवायला सांगा. ज्या गावाला जायचं होतं ते गाव नंतर येतं, आधी हा घाटातला थांबा येतो.

असं का होतं, हा या प्रकरणाचा विषय. माझं म्हणणं थोडक्यात असं, की ज्याला आपण त्या काळाचा निवांतपणा म्हणतो तो कुणी ठरवून आणलेला नव्हता. यंत्राच्या दुबळेपणातून तो आपोआप मिळत होता, आणि मेंदूला आठवणी साठवायला नेमकं तसलंच काही लागतं. म्हणून सुरुवात यंत्रापासून करू.

फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. रिकाम्या गाडीचं वजन नऊशे किलोच्या घरात. तीत लहान-मोठी सात माणसं, डिकीत ट्रंका आणि टपावरच्या कॅरिअरला बांधलेली वळकटी धरली, तर तेराशे किलो सहज होतात. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत हे सगळं साधारण साडेपाचशे मीटर उंच उचलायचं. नुसत्या उचलण्याचा हिशेब मांडला तरी त्याला पाऊण लिटरच्या वर पेट्रोल जळतं, कारण पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. बाकीची उष्णता होते. तिच्यातली काही धुराबरोबर निघून जाते, काही रेडिएटरने हवेत सोडायची असते. सपाट रस्त्यावर समोरून येणारा वारा हे काम करून टाकतो. घाटात ट्रकमागे गाडी पंधराच्या वेगाने सरकत असते आणि इंजिन मात्र सगळा जोर लावत असतं. उष्णता वाढली, वारा आटला, की रेडिएटर हात टेकतो.

गाडी थांबवली तरी रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, हा धडा त्या काळच्या प्रत्येक मुलाने भौतिकशास्त्राच्या पुस्तकाआधी वडिलांच्या ओरडण्यातून घेतला. झाकणामुळे आत दाब राहतो आणि त्या दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब एकदम उतरतो आणि तेच पाणी क्षणात उकळून तोंडावर उसळतं. त्यातून लोणावळ्याच्या उंचीवर साधं पाणीसुद्धा अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळू लागतं. म्हणून आधी वाट बघायची. मग झाकणावर जाड फडकं टाकून ते थोडंसं फिरवायचं, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्यायचा, आणि इंजिन चालू ठेवून पाणी हळूहळू ओतायचं. घाईने भसकन गार पाणी ओतलं तर तापलेल्या लोखंडाला तडा जायची भीती.

पिण्याचं पाणी वेगळं असे. ते फिरकीच्या तांब्यात, नाहीतर छागलीत. छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पिशवी, एका कोपऱ्याला लाकडी बूच किंवा पितळी तोंड लावलेली. ती गाडीच्या पुढच्या बंपरला लटकवायची. कापडातून पाणी पाझरायचं, वाऱ्याने ते उडून जायचं आणि आतलं पाणी गार व्हायचं. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता बरोबर नेतं. तेवढ्यात मागे राहिलेलं ५८ ग्रॅम पाणी दहा अंशांनी उतरतं. बर्फ नाही, वीज नाही. गाडी जितकी धावेल तितकं पाणी गार. नवी छागल पहिले काही दिवस पाण्याला कापडाचा वास लावायची आणि घरातलं एखादं मूल ते पाणी प्यायला ठाम नकार द्यायचं, हेही त्यात आलं.

उन्हाळ्यात आणखी एक दुखणं असे. पेट्रोलचा पंप इंजिनालाच जोडलेला. पेट्रोलातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. इंजिनाच्या धगीने नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली की पंप वाफच ढकलत बसतो, कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचत नाही आणि गाडी आचके देत बंद पडते. उपाय एकच: ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं आणि पुन्हा वाट बघायची. आजच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली वाहतं, त्यामुळे हा प्रकार जवळपास संपला. एका पिढीच्या ओल्या फडक्यांची विद्या त्याबरोबर निकामी झाली.

ही फियाट मुंबईत कुर्ल्याला बनायची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी इथे बनू लागली. १९७०च्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. लोक मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. दुसरी गाडी कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबेसिडर, आणि तिसरी मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. बाजार एवढाच. १९७०च्या दशकात सबंध देशात वर्षाला पन्नास हजारही मोटारी बनत नसत. पैसे भरून नंबर लावायचा आणि काही वर्षं थांबायचं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा हे चित्र पालटू लागलं.

हे आकडे सांगायचं कारण असं, की ‘आमच्या लहानपणी आम्ही गाडीने जायचो’ हे वाक्य त्या काळात फार थोड्यांना म्हणता येत होतं. बाकी महाराष्ट्र एसटीने जात होता. पुणे-नगर ही पहिली एसटी १ जून १९४८ला सुटली, आणि पुढची कित्येक दशकं मराठी कुटुंबाचा प्रवास म्हणजे खिडकीवर रुमाल टाकून धरलेली जागा. मोटार असायची ती डॉक्टर काकांची, कारखान्यात साहेब असलेल्या मामांची, नाहीतर लग्नासाठी वा गणपतीला कोकणात जाण्यासाठी ठरवलेली टॅक्सी. त्यामुळे या स्मरणरंजनात पुष्कळांचा वाटा उसन्या गाडीतल्या एखाद-दुसऱ्या फेरीचा आहे. एवढी थोडी फेरी इतकी लख्ख का राहिली, याचं अर्धं उत्तर तिच्या दुर्मीळपणातच आहे.

ज्यांच्याकडे गाडी होती त्यांच्यात रविवारी संध्याकाळी ‘चक्कर’ मारायची पद्धत होती. काम काही नाही. पुण्यातून खडकवासल्याला जायचं, धरणाच्या कडेला भाजलेलं कणीस खायचं, परत यायचं. मुंबईत वरळी सी-फेस, नाहीतर मरीन ड्राइव्ह. पुढची सीट एकसंध, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच लावलेला, त्यामुळे पुढे तिघं बसत आणि मधलं मूल स्वतःला सहचालक समजे. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. तेव्हापासून या चकरांना घरातली आजी उघडपणे उधळपट्टी म्हणू लागली.

लांबच्या प्रवासाची तयारी आदल्या दिवसापासून. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, कोरडी बटाट्याची भाजी, लसणाची चटणी, केळीच्या पानाचे तुकडे किंवा वर्तमानपत्र, थर्मासमध्ये चहा. हे सगळं पहाटे चारला उठून कोण करत होतं, हे आठवणींच्या गप्पांत सहसा येत नाही. निवांत होती ती मागची सीट. पुढे उजवीकडे बसलेला माणूस ब्रेक, टायर आणि पाण्याच्या काळजीत, त्याच्या शेजारची बाई सगळ्यांच्या खाण्याच्या आणि ओकाऱ्यांच्या बंदोबस्तात. आपण ज्या प्रवासांसाठी हळहळतो, त्यांना आपल्या आईवडिलांनी ‘रमतगमत’ म्हटलं असतं का, याची मला दाट शंका आहे.

ओकाऱ्यांचा विषय टाळून चालणार नाही. गाडी लागणं हे साधारण दोन ते बारा या वयात सर्वांत जास्त. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव प्रत्येक वळण, प्रत्येक हिसका मेंदूला कळवत असतो. मागच्या सीटवर खाली मान घालून चांदोबा वाचणाऱ्या मुलाचे डोळे मात्र ‘सगळं स्थिर आहे’ असं सांगतात. या दोन बातम्या जुळेनात की मळमळ सुरू. खिडकीबाहेर लांबवर बघितलं की दोन्ही बातम्या जुळतात आणि बरं वाटतं. चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं. घरोघरी यावर लिंबू हुंगणं, आवळासुपारी, आलेपाक हे इलाज होते. त्यांतल्या आल्याचा मळमळीवर थोडाफार उपयोग होतो असं दाखवणारे अभ्यास आहेत. वर्तमानपत्रावर बसवण्याचा इलाजही पुष्कळ घरांत चाले. त्यामागे शास्त्र काही नाही, पण सीट मात्र वाचायची. आणि डोकं धरून बसलेल्या मुलांना बोरघाटात दिसायचा तो अमृतांजन पूल. १८३० सालचा हा दगडी पूल जवळच्या डोकेदुखीच्या बामच्या जाहिरातीमुळे त्या नावाने ओळखला जाई. एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत, रस्ता रिकामा असताना, तो सुरुंग लावून पाडला.

आता स्मृतीकडे वळू. मेंदू काळ घड्याळाप्रमाणे साठवत नाही. मागे वळून बघताना एखादा काळ किती लांब वाटेल, हे त्यात नव्या आणि वेगळ्या घटना किती होत्या यावर पुष्कळसं ठरतं. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९०च्या आपल्या ग्रंथात वय वाढेल तशी वर्षं पळू लागल्यासारखी का वाटतात याची चर्चा केली आहे. त्याच्या मते लहानपणी जवळजवळ रोज काहीतरी नवं घडतं, पुढे दिवस एकासारखे एक होत जातात. घाटातल्या प्रवासाला हे लावून बघा. पळस्प्याचा चहा, खोपोलीचा वडा, शिंग्रोबापाशी टाकलेलं नाणं, तापलेली गाडी, लोणावळ्याची चिक्की. चार-पाच तासांत वेगवेगळ्या पाच-सहा गाठी. तेच अंतर न थांबता कापलं तर मेंदूला धरायला काही राहत नाही.

शिंग्रोबाचं इथे थोडं सांगायला हवं. घाटाचा रस्ता काढताना इंग्रज अभियंत्यांना वाट सापडेना, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, आणि बदल्यात त्याला मरण मिळालं, अशी कथा आहे. घाटातल्या त्याच्या देवळापाशी गाड्या हळू होतात आणि खिडकीतून नाणी पडतात. मागच्या सीटवरच्या मुलाला ते नाणं टाकायला मिळणं हा मान असे, आणि ‘मागच्या वेळी त्याने टाकलं होतं’ या भांडणाचा निकाल घाट संपेपर्यंत लागत नसे. नाणं टाकताना ही कथा कुणीतरी पुन्हा सांगायचंच, आणि ती मुलांच्या मनात राहिली ती तिथे, चालत्या गाडीत ऐकल्यामुळे.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाचे मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिव्हुश यांनी मुलांना आपल्या घराण्याच्या गोष्टी किती ठाऊक आहेत हे वीस प्रश्नांतून तपासलं. आईवडील कुठे भेटले, आजोबांवर कोणती आपत्ती आली होती, असे प्रश्न. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती, त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त असल्याचं त्यांना दिसलं. नुसती माहिती पाठ करून घेण्याने हे घडत नाही, असंही ते बजावतात. गोष्टी सांगायला माणसं एकत्र बसलेली असावी लागतात, जेवताना किंवा प्रवासात. मोटारीत त्यासाठी सगळी सोय होती. कुणी उठून जाऊ शकत नव्हतं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, त्यामुळे नजरेला नजर न देता बोलता येई, आणि घरात गप्प असणारे वडीलसुद्धा कामशेतच्या पुढे मोकळे झाल्यावर आपल्या वडिलांविषयी दोन वाक्यं बोलून जात.

वासाचं प्रकरण याहून वेगळं. उन्हात तापलेलं रेक्झिन, पेट्रोल, सोललेलं संत्रं, यांचा एकत्र वास आला की माणूस एकदम सात वर्षांचा होतो. नाकातली वासाची वार्ता मेंदूत भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने जाते. दिसण्या-ऐकण्याच्या संवेदनांना लांबून वळसा घालावा लागतो. विलांडर आणि लार्सन या स्वीडनमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं, की शब्द किंवा चित्रं दाखवून जाग्या केलेल्या आठवणी बहुधा तारुण्याच्या असतात, वासाने जाग्या झालेल्या मात्र दहा वर्षांच्या आतल्या. जुनी फियाट कुठे उभी दिसली तर नुसती बघून पुढे जाऊ नका, मालकाला विचारून दार उघडा.

स्मृती खोटंही बोलते. टेरेन्स मिचेल, ली थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियात तीन आठवड्यांच्या सायकल सफरीवर निघालेल्यांना त्यांनी आधी, प्रवासात आणि नंतर विचारलं. निघण्यापूर्वीची अपेक्षा गोड, नंतरची आठवण गोड, आणि प्रत्यक्ष प्रवासातला अनुभव मात्र त्या दोन्हींच्या मानाने कमी गोड. पाऊस, थकवा, चिडचिड हे नंतर विरून जातं. आपल्या फियाटमधला मे महिन्यातला घाम, खिडकीच्या जागेवरून झालेली मारामारी आणि ‘आलं का?’ या प्रश्नाला मिळालेली थप्पड यांचंही तेच झालं आहे.

विरून गेलेल्या गोष्टींत धोकाही आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या गाड्यांत सीटबेल्ट नव्हते. आपल्याकडे नव्या मोटारींत पुढच्या सीटला पट्टे बसवणं सक्तीचं झालं तेच १९९४ मध्ये. लहान मूल पुढे आईच्या मांडीवर असे. ताशी पन्नासच्या वेगातली गाडी एका दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोच्या मुलाचा झोक क्षणभर एकशेचाळीस किलोच्या आसपास होतो. कुठल्याही आईचे हात ते धरू शकत नाहीत. आम्ही मांडीवर बसून गेलो आणि काही झालं नाही, असं सांगणारे आपल्याला भेटतात, कारण ज्यांना झालं ते सांगायला नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यातल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते आधुनिक, महागड्या गाडीत मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला. ९४.५ किलोमीटर, घाटात बोगदे, मध्ये सिग्नल नाही. वेळ निम्म्याच्या जवळ आला. अडलेल्या रुग्णवाहिका, चुकलेली विमानं, ट्रकमागे घालवलेल्या रात्री यांचा विचार केला, तर त्याला नावं ठेवणं हा कृतघ्नपणा होईल. गाड्याही तापेनाशा झाल्या. इंजिनाला हवं तेव्हा सुरू होणारा विजेचा पंखा आला, इंधन संगणकाच्या हिशेबाने सुटू लागलं. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस वयोमर्यादा संपून निघाली, तेव्हा तिच्याबरोबर फोटो काढायला लोक गेले. त्यातल्या बऱ्याच जणांनी तिच्यातून प्रवास करताना भाड्यावरून हुज्जत घातलेली असणार.

थांबे मात्र गेले. यंत्र थांबवत होतं तोवर ते फुकट मिळत होते. आता ते ठरवून घ्यावे लागतात, आणि टोलनाक्यापुढच्या मोठ्या फूडमॉलमध्ये गर्दीतून कॉफीचा पेला घेऊन गाडीकडे पळणं हा तो थांबा नव्हे. तिथे गाठ पडत नाही.

जुना रस्ता अजून आहे. घाटाच्या एका टप्प्यात तो द्रुतगती मार्गाबरोबर चालतो, बाकी स्वतंत्र आहे, आणि शिंग्रोबाचं देऊळ त्याच्याच कडेला आहे. घरात गाडी असेल तर पावसाळा सोडून एखाद्या रविवारी खोपोलीमार्गे वर जा. निघताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला पुढे बसवा आणि नकाशाचा आवाज बंद ठेवा. पुऱ्या करायच्या असतील तर पहाटे सगळेच उठा. मुलांना मागच्या सीटवर पट्टे लावून बसवा. तेवढी एक गोष्ट जुन्या काळासारखी नको.